कॅरिअर नसलेली सायकल

श्रीमंत कानवडे यांच्या मोटारसायकलची मागची सीट गार पडलेली कुणी पाहिली नव्हती. गाव प्रवरेच्या काठी, संगमनेरपासून आठ-नऊ किलोमीटरवर. श्रीमंतराव संगमनेरात एका दूध संघाच्या स्टोअरला होते. सकाळी घरून निघाले की फाट्यावर कुणीतरी उभं असायचंच. हात करायचा नाही, विचारायचं नाही. गाडी हळू झाली की मागे बसायचं, ही गावची रीत. गाडी हळू न करणाऱ्याबद्दल फाट्यावर संध्याकाळपर्यंत काय बोललं जातं, ते श्रीमंतरावांनी स्वतः तिथे उभं राहून पुष्कळदा ऐकलं होतं. रिकामी सीट घेऊन जाणारा माणूस म्हणजे माजलेला माणूस, यावर गावात सगळ्या पक्षांचं एकमत होतं.

रीत चांगलीच आहे, असं सगळे म्हणत. विशेषतः मागे बसणारे.

मागे बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. फक्त आवाज येतो, तोही कानामागून, आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखा. वीस वर्षं श्रीमंतरावांच्या डोक्यातून काकासाहेबांच्या बांधाचा दावा निघत होता, लंकाबाईचा गुडघा निघत होता, कुणाची सून, कुणाच्या गाईची कास, कुणाची तलाठ्याकडे अडकलेली नोंद. खांद्यावर हात पडला की माणूस कोण ते त्यांना कळे. काकासाहेबांचा हात मुद्दा मांडताना खांदा दाबी. लंकाबाई सदऱ्याची कॉलर धरी. दूध संघाच्या गेटपाशी पोचेपर्यंत श्रीमंतरावांकडे स्वतःचं असं एवढंच उरे, की गेटवर सही करायची आहे.

एक माणूस मात्र त्या सीटवर नसे. जयमाला, त्यांची बायको. लग्नानंतर सुरुवातीला बसायची. मग एकदा राहात्याला माहेरी जायला निघाली असताना फाट्यावर लंकाबाई गुडघा धरून उभी दिसली आणि जयमालाच उतरली. म्हातारं माणूस, तिला बसू द्या, म्हणाली. पुढच्या खेपेला दुसरं कुणी होतं. मग ती काळ्या-पिवळ्या जीपनेच जाऊ लागली. श्रीमंतरावांच्या हे लक्षात आलं नाही. सीट तर भरलेलीच होती.

हे असंच चाललं असतं. पण यंदा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांचा हगामा होता तेव्हा, सगळं गाव आखाड्याभोवती बसलं होतं. दूध संघाला जत्रेची सुट्टी नसते. गाई जत्रा पाळत नाहीत. श्रीमंतराव निघाले. फाट्यावर कुणी नव्हतं. त्यांनी सवयीने गाडी हळू केली, मागे कुणी बसलं नाही, आणि गाडी पुढे गेली.

नदीच्या पुलावर आल्यावर त्यांना चाकाखाली पुलाचे सांधे वाजताना ऐकू आले. टप. टप. टप. पूल बांधल्यापासून ते सांधे तिथेच होते. पाण्यावर एक बगळा उभा होता. श्रीमंतरावांच्या मनात काहीही आलं नाही, आणि आपल्या मनात काहीही नाही हे त्यांना इतकं स्पष्ट जाणवलं की ते घाबरले. नंतर दिवसभर स्टोअरमध्ये त्यांना त्या घाबरण्याचीच आठवण येत राहिली, गोडाची यावी तशी.

मग त्यांना ते रोज हवं झालं.

आमच्या गावात माणसाला आजारी पडता येतं, भांडता येतं, तालुक्याच्या पुढाऱ्यामागे फिरून वाया जाता येतं. एकटं राहावंसं वाटणं तेवढं जमत नाही. मला जरा एकटं जाऊ द्या असं कुणी म्हटलं, तर गाव त्याला आधी भगताकडे नेईल, मग डॉक्टरकडे, आणि दोन्हीकडे सोबत म्हणून चार माणसं जातील. म्हणून श्रीमंतरावांनी खूप विचार करून सायकलचा मार्ग काढला. सायकलवर, कॅरिअर नसेल तर, मागे कुणालाच बसता येत नाही. ही सोय देवानेच केलेली होती. फक्त तिला कारण हवं होतं.

“संघात तपासणीचं शिबिर हुतं,” एका संध्याकाळी ते जेवता जेवता म्हणाले. “डॉक्टर म्हणले, हार्टसाठी सायकल चालवा.”

जयमालाने तव्यावरची भाकरी उलथली. संघात शिबिर असलं की कळवणारी फाट्यावरची दहा माणसं होती आणि त्यातलं कुणी काही बोललं नव्हतं. पण तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “घ्या की मग.”

मुलगी निकिता संगमनेरला बी.एस्सी.ला होती. तिने लगेच मोबाईल काढला. “पप्पा, कामावर जायला पाहिजे का फिरायला?”

“दोन्हीला. रविवारी बंधाऱ्याकडं वगैरे.”

“मग हायब्रिड घ्या. रुंद टायरची घेतली तर डांबरी रस्त्यावर दम निघतो. रेसची घेतली तर आपल्या रस्त्यावर एका खड्ड्यात रिम वाकडी. मधलं पाहिजे.”

“मागं कॅरिअर असतं का तिला?”

“नसतं.”

“मग ती.”

निकिताने वर पाहिलं. ब्रेक, गिअर, उंची, वजन, कशाबद्दल काही न विचारता सायकल पसंत करणारा माणूस तिने तोवर पाहिला नव्हता.

बातमी फाट्यावर पोचली आणि सायकल गावाची झाली. गळीत हंगामात रस्त्याच्या कडेने उसाचे ट्रॅक्टर चालतात, तेव्हा आरसा पाहिजे, असं एकाने सांगितलं. बाभळीचे काटे आहेत, तेव्हा जाड ट्यूब पाहिजे, असं दुसऱ्याने. दोघांचंही खरं होतं. ज्यांनी आयुष्यात शाळा सुटल्यानंतर सायकलला हात लावला नव्हता, त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती. काकासाहेबांचं तर पूर्वीपासून ठरलेलं होतं. ते गावच्या दूध सोसायटीचे माजी चेअरमन. पद गेल्यापासून त्यांच्याकडे वेळ होता आणि आवाज तेवढाच राहिला होता.

“काळी, दांडीची सायकल घ्यायची,” ते म्हणाले. “बावीस इंची. आमी त्याच्यावर दोन कॅन दूध आन् मागं बायको घेऊन गेल्तो संगमनेरला. हार्टला काय धाड भरती.”

“तुमची बायको तर म्हनत हुती चालत गेल्तो म्हनून,” लंकाबाई ओट्यावरून म्हणाली. तिचा काकासाहेबांशी जुना वाद होता; कशावरून सुरू झाला ते दोघेही विसरले होते.

“चढाला उतरली आसंल.”

“मंग सगळा चढच लागला म्हना.”

सायकल घ्यायला श्रीमंतराव निघाले तेव्हा मोटारसायकलच्या मागे अर्थातच काकासाहेब बसले. वाटेत त्यांनी बांधाच्या दाव्याची पुढची तारीख सांगितली आणि खांदा दाबला. पुलाचे सांधे वाजले असतील. ऐकू आले नाहीत.

दुकान चेतन नावाच्या तरुणाचं. बापाच्या वेळी तिथे पंक्चर निघायचं. आता काचेचा दरवाजा होता आणि आत सायकली घोड्यांसारख्या रांगेत उभ्या होत्या. निकिता कॉलेजातून थेट आली होती. चेतनने पहिल्यांदा ट्रॅक्टरसारख्या टायरची एक सायकल पुढे ओढली.

“ही लई चालती सर. पब्लिक बघत राहतं.”

“मला कुणी बघायला नको,” श्रीमंतराव म्हणाले.

“रोज जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर हाय,” निकिता म्हणाली. “अर्धा रस्ता चांगला, अर्धा उखडलेला. एक चढ. पप्पांची उंची बघा आणि द्या. गिअर जास्त नकोत, बिघडले तर गावात कोण बसवणार.”

चेतनने आतून दुसरी काढली. राखाडी रंगाची, मध्यम टायरची, सरळ हँडलची. दांडी तिरकी, मागे उतरत गेलेली. श्रीमंतराव तिच्याभोवती एक फेरी मारून आले. बाजारात गाय घेताना माणूस कास बघतो तसे ते मागची बाजू बघत होते. मडगार्डच्या वर काही नव्हतं. हवा होती.

“हिच्या दांडीवर कुणाला बसता येईल का?”

“नाही सर, तिरकी आहे. घसरतं माणूस.”

“बघू,” काकासाहेब म्हणाले आणि धोतर आवरून दांडीवर बसले. घसरले. चेतनने त्यांना धरलं. श्रीमंतरावांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद निकिताने दहावीच्या निकालालासुद्धा पाहिला नव्हता.

“ही काय सायकल हाय?” काकासाहेब धोतर झटकत म्हणाले. “एका मान्साची. पावन्याला कुठं बसवायचं?”

“हार्टचं हाय काकासाहेब. डॉक्टर म्हणले, वजन नको.”

हार्टपुढे माजी चेअरमनचंही चालत नाही.

श्रीमंतरावांनी सायकल दुकानासमोरच्या रस्त्यावर चालवून पाहिली. सीट वर करून घेतली, पाय पुरते सरळ व्हावेत इतकी. ब्रेक दाबून पाहिले, आधी पुढचा, मग मागचा, मग दोन्ही. चेतनने आरसा बसवला, दिवा बसवला, जाड ट्यूब टाकली. या सगळ्यात श्रीमंतरावांचं लक्ष एकाच गोष्टीवर गेलं. मागच्या चाकाच्या आसापाशी, फ्रेमला दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक होतं, आत आटे पाडलेलं.

“हे कशाला?”

“कंपनीच देती. असू द्या.”

असू द्यायला त्यांची हरकत नव्हती.

नंतरचे काही दिवस श्रीमंतराव कानवडे सुखी होते. सुखी माणसाबद्दल लिहिण्यासारखं फार नसतं. ते फाट्यावरून जात, लोक बघत, कुणी म्हणे, “जाऊ द्या, हार्टचं हाय,” आणि रस्ता दुभंगून त्यांना वाट देई. बाभळीच्या काट्यांनी काही केलं नाही. उसाचे ट्रॅक्टर मागून आलेले आरशात दिसत, ते खाली मातीत उतरून थांबत, ट्रॅक्टर जाई, दोन-चार कांड्या पडत, ते पुन्हा वर येत. पुलावर सांधे आता सावकाश वाजत. टप, मग बराच वेळ काही नाही, मग टप. बगळा कधी असे, कधी नसे. मन रिकामं ठेवायला जागा लागते, असं त्यांना वाटे. कधी तेही वाटत नसे. ते सगळ्यांत चांगलं.

पण गाव त्यांच्या हृदयाचा विचार करत होतं.

सकाळी दूध घालायला सगळे संकलन केंद्रावर जमत. कॅन रांगेत ठेवले की माणसं मोकळी. ज्याचा कॅन जिथे, तिथे त्याचा नंबर, मग तो चहाला जावो की भांडायला. त्या मोकळ्या वेळात गावाचे सगळे निर्णय होत. तिथेच काकासाहेबांनी प्रश्न मांडला.

“हार्टचा मानूस. एकटा जातोय. पुलावर चक्कर आली तर?”

इतके दिवस आपण हे होऊ दिलं याची सगळ्यांना लाज वाटली. एकाला तर आपल्या चुलत्याचं आठवलं, तोही असाच एकटा गेला होता, शेताकडे. सोबत पाहिजे, यावर एकमत झालं. सोबत द्यायची तर बसायला जागा पाहिजे. काकासाहेब म्हणाले, “मी बघितलीत ना भोकं, दुकानातच. दोन्ही बाजूंनी.”

रविवारी श्रीमंतराव आंघोळ करून बाहेर आले तेव्हा अंगणात दहा-बारा माणसं होती आणि सायकलला कॅरिअर होतं. जाड, काळं, चार नटांनी आवळलेलं. वर फोमची गादी शिवून बसवली होती, तिच्यावर हळदीकुंकू. नारळ फुटला. कुणीतरी श्रीमंतरावांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

“आता काळजी न्हाई,” काकासाहेब म्हणाले. “रोज एक जन संगं.”

“तुमी कशाला त्रास घेतला,” श्रीमंतराव म्हणाले. हे आयुष्यात पहिल्यांदा ते मनापासून म्हणत होते, आणि ते नेहमीप्रमाणेच ऐकलं गेलं.

त्यांनी जयमालाकडे पाहिलं. ती दारात उभी राहून कॅरिअरकडे बघत होती. तिला हसू येत होतं की काय, ते कळलं नाही.

सोमवारी फाट्यावर पहिला मान लंकाबाईला मिळाला, कारण ती हलकी होती. हृदयाला जपण्याची ही पद्धत अशी, की हृदयाने रोज एक माणूस ओढावा आणि हृदयाला काही झालं तर त्या माणसाने ओरडावं. लंकाबाई बसली, कॉलर धरली आणि गुडघ्यापासून सुरुवात केली. गुडघा संपून सून निघाली. पुलाच्या अलीकडे चढ लागतो. तिथे श्रीमंतरावांच्या छातीत खरोखरच काहीतरी धडधडू लागलं. त्यांनी पाय टेकला. लंकाबाई उतरून समोर आली.

“काय झालं? दुखतंय का?”

“न्हाई.”

“मंग? तोंड कसं झालंय तुझं.”

लंकाबाईने त्यांना लहानपणी कडेवर घेतलेलं होतं. खोटं बोलायला दम लागतो, आणि दम चढात गेला होता.

“मावशी, मला काही झालेलं न्हाई. हार्टबिर्ट काही नाही. मला फक्त कुणी बोलायला नको हुतं. तेवढा एक रस्ता तरी.”

लंकाबाईने त्यांना खालीवर न्याहाळलं. श्रीमंतरावांना भगत दिसू लागला.

“मंग आधी सांगायचं ना,” ती म्हणाली. “बस सायकलीवर. मी गप राहते.”

आणि ती गप्प राहिली. चढ संपला, पूल आला. श्रीमंतराव सांधे ऐकण्याचा प्रयत्न करत होते, पण त्यांचं सगळं लक्ष मागे होतं. कॉलर धरलेली होती आणि आवाज नव्हता. ही आता बोलेल, मग बोलेल. पूल संपला.

“गप हाय ना मी?” लंकाबाई म्हणाली.

“व्हय.”

संगमनेर येईपर्यंत पुढे काही झालं नाही. उतरल्यावर लंकाबाई लगेच निघाली नाही. पदर नीट करत तिथेच उभी राहिली. “घरी तर लेक हाय, सून हाय, टीव्ही हाय,” ती म्हणाली. “बरं वाटलं रं.” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिने संकलन केंद्रावर जाहीर केलं, की श्रीमंताला धाप लागते, त्यामुळे त्याच्या सायकलवर बसायचं तर तोंड उघडायचं नाही. डॉक्टरने तसं सांगितलंय. कोणत्या डॉक्टरने, ते कुणी विचारलं नाही. या डॉक्टरवर आता गावाचा विश्वास बसला होता. लोकांना वाटलं, मग कोण बसणार? पण ज्याची पाळी होती तो बसला, आणि परत आल्यावर विचित्र चेहऱ्याने म्हणाला, पुन्हा कधी येईल माझी? मग नंबर लागू लागले, कॅनसारखे. ज्याला बायकोशी बोलायचं नव्हतं तो बसला. ज्याला मुलाच्या लग्नाचं ठरवायचं होतं तो बसला, आणि काही न ठरवता उतरला. काकासाहेब आठवडाभर थांबले. मग एका सकाळी बसले. चढ, पूल, साखर कारखान्याचा फाटा, शाळा. बांधाच्या दाव्याचं अक्षरही नाही. उतरल्यावर त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि श्रीमंतरावांकडे न बघता म्हणाले, “उद्याचा नंबर कुनाचा हाय?”

गावात प्रत्येकाला काही किलोमीटर एकटं राहायला मिळू लागलं. त्यासाठी श्रीमंतराव रोज त्यांना ओढत होते. त्यांना मात्र मागचा प्रत्येक गप्प माणूस ऐकू येई, बोलणाऱ्यापेक्षाही जास्त. बोलणाऱ्याचं कधीतरी संपतं.

एका शनिवारी रात्रीच त्यांनी पान्हा काढून ठेवला. रविवारी कुणाचा नंबर नसे. पहाटे उठून कॅरिअरचे चार नट काढायचे, बंधाऱ्यापर्यंत एकट्याने जाऊन यायचं आणि गाव उठायच्या आत पुन्हा बसवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते अंगणात आले तेव्हा उजाडायला लागलं होतं. जयमाला सायकलपाशी उभी होती. अंगात शाल, पायात निकिताचे बूट.

“पान्हा राहू द्या,” ती म्हणाली. “लंकाबाईनं सांगितलंय मला. शिबिराचं तर मला पहिल्या दिवसापासून माहिती हुतं.”

श्रीमंतरावांच्या हातात पान्हा होता. एवढ्या वर्षांत या बाईला आपण कुठे घेऊन गेलो, ते आठवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. राहात्याची ती एक खेप आठवली. तीही फाट्यापर्यंतची.

“बस,” ते म्हणाले.

ती बसली. कॉलर धरली नाही, खांदाही नाही. गादीची कड धरून बसली. फाटा रिकामा होता. पुलाकडे न जाता ते बंधाऱ्याच्या कच्च्या वाटेला लागले. टायर मातीत मऊ चालत होते. ही सायकल चांगली निघाली, हे त्यांच्या तेव्हा मनात आलं; एवढ्या वजनाला, अशा वाटेला, एवढ्या सगळ्या लोकांनंतरही ती कुठे कुरकुरत नव्हती. मागे अगदी शांत होतं. इतकं, की ती आहे की उतरली म्हणून त्यांनी आरशात पाहिलं. आरशात शालीचा एक कोपरा होता.

बंधारा दिसू लागला. पाण्यावर धुकं होतं. ती बोलेल म्हणून त्यांनी वाट पाहिली; मागून ज्याने बोलावं असं त्यांना वाटत होतं, असं हे वीस वर्षांतलं पहिलंच माणूस होतं.

“जयमाला,” ते पुढे बघत म्हणाले, “बोल की काहीतरी.”

“नाही,” ती मागून म्हणाली. “आज माझा नंबर आहे.”